क्वेसार, त्यांचे झोत आणि ध्रुवित अवरक्त प्रकाश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्वेसार आकाशात एका बिंदूसारखा दिसतो, पण त्या बिंदूतून येणारा प्रकाश एकाच ठिकाणचा नसतो. कृष्णविवराभोवती फिरणारी तप्त तबकडी, तिच्या बाहेरची धूळ आणि प्रकाशाच्या जवळपास वेगाने सुटलेला झोत अशा तिघांचा प्रकाश त्यात मिसळलेला असतो. अंतर इतके प्रचंड असते की बहुतेक क्वेसारांच्या बाबतीत हे तिघे वेगवेगळे पाहता येत नाहीत. राजहंस दूध आणि पाणी वेगळे करतो असे आपण म्हणतो. क्वेसारच्या प्रकाशाचा तसा नीरक्षीरविवेक करण्याचे काम ध्रुवण करते, आणि अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पट्ट्यात ते विशेष चांगले करते. पुढील उत्तरांचा रोख मुख्यतः या एका गोष्टीवर आहे. वर्तमानपत्रांत ‘ध्रुवीकरण’ हा शब्द राजकारणासाठी रुळला असल्यामुळे येथे ‘ध्रुवण’ हा सुटसुटीत शब्द वापरला आहे.

क्वेसार म्हणजे नेमके काय?

क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचे अतितेजस्वी केंद्र. तेथे सूर्याच्या कोट्यवधी, कधी अब्जावधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर असते. त्यात पडणारा वायू सरळ आत न जाता तबकडीच्या रूपाने फिरत राहतो, घर्षणाने तापतो आणि कधी कधी संपूर्ण दीर्घिकेला झाकून टाकील इतका प्रकाश देतो. १९६३ साली मार्टिन श्मिट यांनी ‘३सी २७३’ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूचा वर्णपट तपासला, तेव्हा त्यातल्या हायड्रोजनच्या रेषा सुमारे १६ टक्के तांबड्याकडे सरकलेल्या आढळल्या. त्या ताम्रसृतीवरून ही वस्तू आपल्या आकाशगंगेतली नसून अब्जावधी प्रकाशवर्षांवरची आहे हे सिद्ध झाले.

काही क्वेसारांमधून विरुद्ध दिशांना दोन झोत सुटतात. त्यांपैकी एखादा जवळजवळ आपल्याच दिशेने रोखलेला असेल, तर सापेक्षतेच्या नियमांनुसार त्याचा प्रकाश अनेक पटींनी वाढलेला दिसतो. अशा वस्तूंना ब्लेझार म्हणतात.

प्रकाश ध्रुवित असणे म्हणजे काय?

प्रकाश ही विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रांची लाट आहे. साध्या दिव्याच्या प्रकाशात विद्युत्-क्षेत्राची कंपने पुढे जाण्याच्या दिशेला काटकोनात राहून सर्व दिशांनी सारखीच होतात. त्यांपैकी एखादी दिशा वरचढ झाली की प्रकाश त्या प्रमाणात ध्रुवित झाला असे म्हणतात. पोलरॉइड गॉगल घालून मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहावे आणि मान हळूहळू तिरकी करावी. बऱ्याच पडद्यांवरचे चित्र एका ठरावीक कोनात काळे पडते, कारण पडद्यातून येणारा प्रकाश जवळजवळ पूर्ण ध्रुवित असतो.

खगोलशास्त्रात दोन राशी मोजल्या जातात : ध्रुवणाचे प्रमाण, म्हणजे किती टक्के प्रकाश ध्रुवित आहे, आणि ध्रुवणाचा कोन, म्हणजे आकाशातल्या उत्तर दिशेच्या तुलनेत कंपनाची दिशा कोणती आहे. प्रकाश किती तेजस्वी आहे हे एका आकड्यात सांगता येते. ध्रुवण त्यात दिशेची माहिती घालते, आणि ज्या वस्तूचे चित्र बिंदूपलीकडे जात नाही तिच्या बाबतीत दिशा कळणे ही मोठीच कमाई असते.

झोतातून येणारा प्रकाश ध्रुवित का असतो?

झोतातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्ररेषांभोवती गरगरत पुढे जातात आणि जाताना सिंक्रोट्रॉन प्रारण बाहेर टाकतात. या प्रारणाच्या विद्युत्-क्षेत्राची दिशा चुंबकीय क्षेत्राला काटकोनात असते. त्यामुळे झोत स्थिर मानला तर ध्रुवणाचा कोन मोजणे म्हणजे त्या ठिकाणच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा वाचणे होय. वेगवान झोतात सापेक्षतेमुळे त्यात थोडी दुरुस्ती करावी लागते. सुमारे २ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश देण्यासाठी ब्लेझारच्या गाभ्यातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा त्याच्या विश्रांती-ऊर्जेच्या, म्हणजे स्थिर असतानाच्या ऊर्जेच्या, काही हजार पट असावी लागते.

क्षेत्र संपूर्ण सुसूत्र असेल तर सिंक्रोट्रॉन प्रकाश सुमारे ७० टक्के ध्रुवित निघतो, असे सिद्धांत सांगतो. प्रत्यक्षात ब्लेझारांमध्ये बहुधा काही टक्क्यांपासून ३०-४० टक्क्यांपर्यंतचे आकडे मिळतात. हा फरक म्हणजे मोजणीतली चूक नव्हे. झोतात क्षेत्राचे अनेक तुकडे निरनिराळ्या दिशांना वळलेले असतात आणि त्यांचे ध्रुवण एकमेकांना बरेचसे छेदून टाकते, म्हणून ७० ऐवजी १० टक्के मिळाले तर झोतातला गोंधळ किती आहे याचाच तो अंदाज असतो.

या विचाराचा पहिला मोठा पुरावा मिळाला तो मात्र क्वेसारमध्ये नाही. एम ८७ या दीर्घिकेतून निघणारा सरळ किरण हेबर कर्टिस यांनी १९१८ साली नोंदवला होता. तो ध्रुवित आहे हे वॉल्टर बाडे यांनी १९५६ साली दाखवले आणि झोताचा प्रकाश सिंक्रोट्रॉन जातीचा आहे या कल्पनेला बळ मिळाले.

मग साध्या दृश्य प्रकाशात काम भागत नाही का? अवरक्तच का?

भागते, पण अपुरे. तबकडीचा प्रकाश निळ्या आणि अतिनील भागात सर्वांत प्रखर असतो आणि तो जवळजवळ अध्रुवित असतो. झोताचा प्रकाश उलट तांबड्याकडे आणि अवरक्ताकडे वाढत जातो. समजा, एका झोताचा प्रकाश २० टक्के ध्रुवित आहे. निळ्या भागात तबकडीने तेवढाच अध्रुवित प्रकाश मिसळला, तर आपल्याला एकूण १० टक्केच ध्रुवण दिसेल. तेच निरीक्षण अवरक्तात केले आणि तेथे तबकडीचा वाटा झोताच्या दहाव्या हिश्श्याइतकाच असेल, तर ध्रुवण सुमारे १८ टक्के येईल. झोत तोच, त्याचे चुंबकीय क्षेत्र तेच, फक्त भेसळ कमी. अनेक ब्लेझारांमध्ये निळ्याकडून तांबड्याकडे जाताना ध्रुवण वाढताना दिसते, त्याचे कारण हेच.

दुसरे कारण धुळीचे आहे. दृश्य प्रकाश धुळीत अडतो, अवरक्त बऱ्याच अंशी पार होतो.

अवरक्ताची स्वतःची अडचणही आहे. मार्केरियन ५०१ सारख्या जवळच्या ब्लेझारांभोवतीच्या दीर्घिकेतल्या जुन्या ताऱ्यांचा प्रकाश नेमका १ ते २ मायक्रॉनच्या आसपास भरभरून असतो, म्हणून तेथे ताऱ्यांचा हिस्सा काळजीपूर्वक वजा केल्याशिवाय झोताचे खरे ध्रुवण हाती लागत नाही.

सर्वच क्वेसारांचा प्रकाश ध्रुवित असतो का?

थोडाफार असतो, पण बहुतेकांचा अगदी थोडा. सर्वसाधारण क्वेसारमध्ये ध्रुवण बहुधा १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. ३ टक्क्यांच्या वर गेलेल्यांना ‘उच्च-ध्रुवित’ म्हणण्याची प्रथा आहे. ३सी २७३ हे या दोन वर्गांच्या सीमेवरचे उदाहरण आहे. त्याचे एकूण ध्रुवण कमी असले, तरी त्यात बदलता, ध्रुवित असा एक लहानसा ब्लेझार दडलेला आहे आणि तबकडीच्या निळ्या प्रकाशाखाली तो बुजून जातो, असे १९८९ साली दाखवण्यात आले.

झोत नसलेल्या क्वेसारमध्ये ध्रुवण येते तरी कुठून?

विखुरण्यातून. संध्याकाळी सूर्य मावळत असताना डोक्यावरचे आकाश पोलरॉइडमधून पाहिले तर ते एका कोनात गडद दिसते, कारण हवेतल्या रेणूंनी काटकोनात विखुरलेला प्रकाश ध्रुवित होतो. क्वेसारभोवती हेच काम मोकळे इलेक्ट्रॉन किंवा धूलिकण करतात.

या तत्त्वाचा सर्वांत गाजलेला उपयोग १९८५ साली रॉबर्ट अँटोनुची आणि जोसेफ मिलर यांनी केला. एनजीसी १०६८ या दीर्घिकेच्या केंद्रातून सरळ येणाऱ्या प्रकाशात वेगाने फिरणाऱ्या वायूच्या रुंद रेषा दिसत नव्हत्या. केवळ ध्रुवित प्रकाशाचा वर्णपट काढल्यावर त्या स्वच्छ दिसू लागल्या. केंद्र धुळीच्या जाड कड्याआड लपलेले होते आणि कड्याच्या वरच्या बाजूला असलेले इलेक्ट्रॉन आरशासारखे त्याचे प्रतिबिंब आपल्याकडे पाठवत होते. भिंतीआडचा माणूस समोरच्या खिडकीच्या काचेत दिसावा, तसा हा प्रकार होता.

ध्रुवित अवरक्त प्रकाशाने क्वेसारविषयी आजवर सांगितलेली सर्वांत मोलाची गोष्ट कोणती?

यावर दुमत असू शकेल, पण माझ्या मते २००८ साली माकोतो किशिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेले काम. ते सावकाश समजून घेण्यासारखे आहे.

तबकडी कशी तापते याचा सिद्धांत १९६९ ते १९७३ या काळात लिंडेन-बेल, शाकुरा आणि सुन्याएव यांच्या कामातून उभा राहिला. तबकडीच्या बाहेरच्या, तुलनेने थंड भागातून येणाऱ्या लांब तरंगलांबीच्या प्रकाशाचा चढ कसा असावा, याचे त्यात नेमके भाकीत होते : तीव्रता वारंवारतेच्या एक-तृतीयांश घाताने वाढावी. हे भाकीत तपासायचे तर तबकडीचा अवरक्त प्रकाश पाहायला हवा, आणि तेथेच सगळे अडत होते. सुमारे १५०० केल्विनपर्यंत तापलेली धूळ १ मायक्रॉनच्या पुढे इतकी झगमगते की तबकडीचा मंद प्रकाश तिच्यात पार हरवून जातो. तीस-पस्तीस वर्षे तबकडीच्या या भागाचा वर्णपट कोणी स्वच्छ पाहिलेला नव्हता.

यातून मार्ग निघाला तो भूमितीतून. काही क्वेसारांमध्ये प्रकाश विखुरणारे इलेक्ट्रॉन धुळीच्या कड्याच्या आत, कृष्णविवराच्या बरेच जवळ असतात. तबकडीचा प्रकाश त्यांच्यावर आपटून थोडासा ध्रुवित होतो. धूळ मात्र त्यांच्या बाहेर असल्यामुळे तिचा प्रकाश अध्रुवितच राहतो. म्हणजे एकूण प्रकाशातून केवळ ध्रुवित अंश निवडला की धूळ आपोआप गळून पडते आणि उरते ती तबकडी. हवाई बेटावरच्या मौना केआ शिखरावरील ३.८ मीटर व्यासाच्या ब्रिटिश अवरक्त दुर्बिणीने अशा क्वेसारांचे ध्रुवण मोजले गेले. एकूण प्रकाशाचा आलेख १ मायक्रॉनच्या पुढे धुळीमुळे वर उसळत होता; ध्रुवित प्रकाशाचा आलेख मात्र तसाच निळसर उतार धरून पुढे गेला, आणि सहा क्वेसारांमध्ये हा उतार सिद्धांताने सांगितलेल्या एक-तृतीयांश घाताशी जुळला. ज्या प्रकाशाचे ध्रुवण मुळात १ टक्क्याच्या घरातले, त्यातून ही गोष्ट बाहेर काढली गेली.

धूळ स्वतः ध्रुवित प्रकाश देत नाही का?

देते, पण लांब तरंगलांबीच्या अवरक्तात. लांबट धूलिकण चुंबकीय क्षेत्राच्या संदर्भात एका दिशेने रांगेत आले की त्यांचे उष्ण प्रारण ध्रुवित होते. बोइंग ७४७ विमानात बसवलेल्या सोफिया या वेधशाळेने २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत सुमारे ७५ कोटी प्रकाशवर्षांवरच्या सिग्नस ए या प्रखर रेडिओ दीर्घिकेच्या केंद्राचे ५३ आणि ८९ मायक्रॉनवर ध्रुवण मोजले, आणि ते सुमारे १० टक्के भरले. केंद्राभोवतीच्या धुळीच्या कड्याला चुंबकीय क्षेत्राने बांधून ठेवले असावे, असा त्याचा अर्थ लावला गेला. सोफियाची उड्डाणे सप्टेंबर २०२२ मध्ये थांबली.

इतके अल्प ध्रुवण मोजतात कसे?

कल्पना सोपी आहे, अंमलबजावणी कष्टाची. दुर्बिणीतून आलेला प्रकाश आधी कंपनाची दिशा फिरवणाऱ्या अर्धतरंग पट्टिकेतून आणि मग वोलॅस्टन लोलकातून जातो. लोलक एकमेकांस काटकोनात असलेली दोन कंपने वेगळी करतो, त्यामुळे छायाचित्रात प्रत्येक तारा दोनदा उमटतो. समजा, एका प्रतिमेत १,०४,००० आणि दुसरीत ९६,००० फोटॉन मोजले गेले. फरक ८,००० आणि बेरीज २,००,०००, म्हणजे त्या दिशेपुरते ध्रुवण ४ टक्के.

पण हा फरक लोलकाच्या किंवा संवेदकाच्या दोषामुळेही पडू शकतो. म्हणून पट्टिका ४५ अंशांनी फिरवतात. असे केल्याने दोन्ही प्रतिमांच्या भूमिका अदलाबदल होतात. ध्रुवण खरे असेल तर फरकाचे चिन्ह उलटते, उपकरणाचा दोष असेल तर ते तसेच राहते. याशिवाय पट्टिका २२.५ आणि ६७.५ अंशांवर ठेवून दुसरी दिशा मोजली की प्रमाण आणि कोन दोन्ही मिळतात.

अचूकतेची किंमत फोटॉनमध्ये मोजावी लागते. ०.१ टक्क्यापर्यंतची अचूकता हवी असेल तर किमान दहा लाख फोटॉन जमवावे लागतात. अवरक्तात आकाश स्वतः चमकत असते, उंचावरच्या हवेतल्या हायड्रॉक्सिल रेणूंची चमक मिनिटागणिक बदलते, आणि सुमारे २.५ मायक्रॉनच्या पुढे तर दुर्बिणीचा आरसाही उष्णतेने प्रकाशतो. संवेदक अतिशय थंड ठेवावा लागतो आणि आकाशाचे चित्र पुन्हा पुन्हा घेऊन वजा करावे लागते.

आणखी एक बारकावा नवशिक्या विद्यार्थ्यांच्या हातून हमखास सुटतो. ध्रुवणाचे प्रमाण दोन्ही दिशांच्या मोजणींचे वर्ग करून त्यांच्या बेरजेतून काढले जात असल्यामुळे ते कधीच ऋण येत नाही. म्हणून अजिबात ध्रुवित नसलेली मंद वस्तूसुद्धा केवळ गोंगाटामुळे किंचित ध्रुवित भासते. या फसव्या वाढीची दुरुस्ती न करता छापलेला छोटा आकडा विश्वासार्ह नसतो.

आपल्या आकाशगंगेतली धूळ फसवत नाही का?

फसवते. तिच्यातून येणारा कोणताही प्रकाश थोडासा ध्रुवित होतो. हा परिणाम ०.५५ मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असतो आणि अवरक्तात बराच कमी होतो, हा अवरक्ताचा आणखी एक फायदा. शिवाय त्याच चित्रातल्या शेजारच्या ताऱ्यांचे ध्रुवण मोजून तेवढा भाग वजा करता येतो.

ध्रुवणाचा कोन फिरतो म्हणजे नेमके काय होते?

काही ब्लेझारांमध्ये ध्रुवणाचा कोन दिवसागणिक एकाच दिशेने सरकत जातो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३सी २७९ या क्वेसारमध्ये गॅमा किरणांच्या भडक्याबरोबर हा कोन २० दिवसांत २०८ अंशांनी फिरल्याचे दिसले. एखादा प्रकाशमान गोळा झोतातल्या वळणावरून किंवा सर्पिल क्षेत्रातून जात असेल तर असे व्हावे, हा त्याचा एक अर्थ. त्यावरून भडका कृष्णविवराला चिकटून नव्हे, तर त्यापासून बराच दूर उडाला असावा, असे अनुमान निघाले.

येथे सावधगिरी हवी. ध्रुवणाला टोक नसते. १० अंश आणि १९० अंश एकच. निरीक्षणांमध्ये आठवड्याचे खिंडार पडले तर कोन १०० अंश पुढे गेला की ८० अंश मागे, हे सांगता येत नाही. क्षेत्राचे तुकडे योगायोगाने एकामागून एक पुढे आले तरी खोटा फेरा दिसू शकतो. त्यामुळे फेऱ्यांच्या बाबतीत रोज रात्री निरीक्षण करणारी लहान दुर्बीण, महिन्यातून एकदा वेळ मिळणाऱ्या मोठ्या दुर्बिणीपेक्षा जास्त कामाची ठरते.

क्ष-किरणांचे ध्रुवण मोजणारा आयएक्सपीई हा उपग्रह डिसेंबर २०२१ मध्ये सोडण्यात आला आणि चित्र अधिक रंजक झाले. मार्केरियन ५०१ मध्ये क्ष-किरणांचे ध्रुवण सुमारे १० टक्के, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या साधारण दुप्पट निघाले. आघाततरंगापाशी इलेक्ट्रॉन वेग घेतात, तेथे क्षेत्र सुसूत्र असते, आणि ऊर्जा गमावत ते दूर वाहत गेले की गोंधळलेल्या क्षेत्रात दृश्य आणि अवरक्त प्रकाश देतात, असा त्याचा अर्थ. जून २०२२ मध्ये मार्केरियन ४२१ च्या क्ष-किरणांचा ध्रुवणकोन काही दिवसांत पूर्ण फेऱ्याहून अधिक फिरला, पण त्याच वेळी दृश्य, अवरक्त आणि रेडिओ प्रकाशात तसा फेरा दिसला नाही. अवरक्त प्रकाश झोताच्या वेगळ्या, अधिक पसरट भागातून येतो, हे यातून दिसते.

लांबवर पसरलेल्या झोतांमध्ये ध्रुवण काय सांगते?

३सी २७३ चा झोत आकाशात मोजला तरी सुमारे दोन लाख प्रकाशवर्षे लांब भरतो. तेथे अवरक्त प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन काही हजार वर्षांतच ऊर्जा गमावतात, म्हणजे केंद्रातून निघालेला इलेक्ट्रॉन टोकापर्यंत प्रकाशत पोहोचूच शकत नाही. झोतातल्या गाठींपाशी त्यांना पुन्हा पुन्हा वेग मिळत असला पाहिजे. स्पिट्झर अवकाश दुर्बिणीच्या २००६ सालच्या अवरक्त निरीक्षणांतून या झोतात इलेक्ट्रॉनांचे दोन गट दिसले : एक रेडिओपासून अवरक्तापर्यंत प्रकाश देणारा, दुसरा दृश्य प्रकाशापासून क्ष-किरणांपर्यंत.

हा दुसरा गट सिंक्रोट्रॉनने प्रकाशतो, की विश्वाच्या पार्श्वभूमीवरील सूक्ष्मलहरींना धक्का देऊन त्यांची ऊर्जा वाढवतो, यावर मोठा वाद होता. दुसऱ्या प्रक्रियेत ध्रुवण नगण्य असायला हवे. हबल दुर्बिणीने पीकेएस ११३६-१३५ या क्वेसारच्या झोतातल्या अनेक गाठींमध्ये ३० टक्क्यांहून अधिक ध्रुवण मोजले, तेव्हा त्या झोतापुरते तरी पारडे सिंक्रोट्रॉनकडे झुकले.

जेम्स वेब दुर्बीण हे काम करते का?

नाही. तिच्यावर ध्रुवण मोजण्याची सोय नाही.

या कामात महाराष्ट्राचा आणि भारताचा वाटा आहे का?

आहे, आणि तो अभिमानाने सांगण्यासारखा आहे. क्रीट बेटावरच्या स्किनाकस वेधशाळेतल्या १.३ मीटर दुर्बिणीवर २०१३ पासून काम करणारा रोबोपोल हा ध्रुवणमापक पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात ए. एन. रामप्रकाश यांच्या पुढाकाराने तयार झाला. त्यात फिरणारा एकही भाग नाही. दोन लोलक आणि दोन पट्टिका अशा बसवल्या आहेत की प्रत्येक तारा चित्रात अधिकचिन्हाच्या चार टोकांवर चार ठिपके होऊन उमटतो आणि एकाच छायाचित्रातून दोन्ही दिशांची मोजणी होते. तो अवरक्तात नव्हे, तर तांबड्या दृश्य प्रकाशात पाहतो; पण ब्लेझारांच्या कोनाचे फेरे सगळेच योगायोगाचे नसतात, हे ठरवण्यात त्याच्या नियमित निरीक्षणांचा मोठा वाटा आहे. पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर गिरावली येथे आयुकाची २ मीटर दुर्बीण असून तिच्यावरही ध्रुवण मोजण्याची सोय आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची माउंट अबूजवळ गुरुशिखर येथे १.२ मीटरची अवरक्त दुर्बीण आहे, आणि ब्लेझारांचे ध्रुवण तेथून अनेक वर्षे मोजले गेले आहे.

मुंबईचा संबंध ओजे २८७ शी येतो. या ब्लेझारमध्ये सुमारे १२ वर्षांच्या अंतराने मोठे भडके दिसत आले आहेत. एका प्रचंड कृष्णविवराच्या तबकडीतून दुसरे लहान कृष्णविवर आरपार जात असावे, असे एक प्रतिमान आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील लंकेश्वर डे, ए. गोपकुमार आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी वर्तवलेला भडका ३१ जुलै २०१९ रोजी अपेक्षेप्रमाणे आला. त्या वेळी ओजे २८७ पृथ्वीवरून सूर्याच्या दिशेला होता. पृथ्वीपासून बऱ्याच दूर असलेल्या स्पिट्झरने तो अवरक्तात टिपला. येथेही ध्रुवणाचा निकष कामाला येतो. टकरीने तापलेल्या वायूचा प्रकाश अध्रुवित असतो, त्यामुळे अशा भडक्यात ध्रुवण घटते; झोतातला भडका असेल तर बहुधा तसे होत नाही. पुढच्या भडक्यांच्या वेळा आणि कृष्णविवरांची वस्तुमाने यांवर मतभेद आहेत, आणि ते मिटवण्यासाठी दीर्घकाळाच्या ध्रुवण-नोंदीच लागतील.

घरच्या दुर्बिणीतून यातले काही पाहता येईल का?

ध्रुवण नाही, पण क्वेसार नक्की दिसेल. ३सी २७३ ची प्रत (तेजस्वितेचा आकडा; तो जितका मोठा, तितकी वस्तू फिकट) सुमारे १२.९ आहे. गावाबाहेरच्या अंधाऱ्या आकाशाखाली, मार्च ते मे या काळात, ८ इंची दुर्बीण कन्या राशीतल्या योग्य जागी रोखली आणि नकाशाशी ताडून पाहिले, तर शेजारच्या ताऱ्यांसारखाच एक फिकट ठिपका दिसतो. तो प्रकाश २०० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी निघालेला आहे. नेत्रिकेसमोर पोलरॉइड फिरवून पाहण्याचा मोह होतो, पण डोळ्याला १ टक्क्याचा फरक जाणवत नाही. त्यासाठी वर सांगितलेले दहा लाख फोटॉन मोजावे लागतात.